मेंदूतील गाठीचा नेमका किरणोपचार: गामा नाइफ आणि लिनॅक

स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९६८मध्ये स्टॉकहोमला वापरात आणलेल्या गामा नाइफच्या (हा चाकू नव्हे, किरणोपचाराचे यंत्र) आजच्या यंत्रांत किरणोत्सारी कोबाल्ट-६०च्या १९२ स्रोतांचे किरण एका बिंदूवर एकवटतात. असे अनेक बिंदू जुळवून गाठीचा आकार व्यापला जातो आणि किरणांची मात्रा बहुधा ५० टक्के सममात्रारेषेवर (जिथे मात्रा कमाल मात्रेच्या निम्मी असते त्या रेषेवर) ठरवली जात असल्याने ती गाठीबाहेर झपाट्याने उतरते.

लिनॅकमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनना वेग देऊन क्ष-किरण निर्माण करणाऱ्या रेषीय त्वरक यंत्रात, क्ष-किरणांचा झोत निरनिराळ्या कोनांतून फिरतो; रुग्णाच्या स्थितीतील सूक्ष्म फरकासाठी अनेकदा गाठीभोवती एक-दोन मिलिमीटरचा समास (जादा कड) ठेवतात आणि तेवढा निरोगी मेंदूही मात्रेत येतो.

लहान, विखुरलेल्या गाठींसाठी मला गामा नाइफ सरस वाटते. मात्र मोठी किंवा दृष्टीच्या नसेला भिडलेली गाठ असल्यास मात्रा अनेक दिवसांत विभागणे अधिक सुरक्षित असते, आणि ते लिनॅकवर सहज साधते.