पडद्यावर 51 टक्के आणि शेडमध्ये अंधार

बॅटरीच्या कपाटात माझे किती पैसे अडकले तो आकडा आधीच सांगून टाकतो, कारण सगळे पहिल्यांदा तोच विचारतात: 18 लाख 60 हजार. आगाऊ 5,58,000, माल निघण्यापूर्वी 11,16,000 आणि कपाट चालू करून दिलं त्या रात्री उरलेले 1,86,000. हे शेवटचे पैसे तर मी आपणहून, 'काम चोख केलंत' म्हणत दिले.

घेतलं काय, तर 100 युनिट वीज साठवणारं बॅटरी कपाट. माझा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे. वीज गेली की मशीनच्या बॅरलमधलं, म्हणजे तापत्या नळीतलं, प्लास्टिक थिजतं आणि ते उकरण्यात अख्खी पाळी जाते. त्यात वीजबिलातला कमाल मागणीचा आकार. ज्यांना तो भरावा लागतो त्यांना समजवायला नको. मीटर 15 किंवा 30 मिनिटांचा एकेक तुकडा मोजतो आणि महिन्यातला सगळ्यात जास्त भाराचा तुकडा अख्ख्या महिन्याच्या बोकांडी बसतो. तेवढ्या वेळात बॅटरीने भार उचलायचा, स्वस्त तासांत पुन्हा भरून घ्यायची. यात खोटं काहीच नाही. मुद्दाम लिहितोय, कारण आता जो तो मला 'बॅटरीच्या नादी लागलासच कशाला' असं ऐकवतो. बॅटरीने नाही फसवलं, विकणाऱ्याने फसवलं.

त्याने दिलेल्या हिशेबाच्या तक्त्यात तीन वर्षांत पैसे वसूल होत होते. त्यात रोज पूर्ण 100 युनिट धरले होते, वर्षाचे 365 दिवस, आणि तूट शून्य. भरताना आणि काढताना मिळून दहा-पंधरा टक्के वीज वाटेतच जाते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण म्हटलं, विकणारा माणूस थोडं फुगवून सांगणारच. ज्या तक्त्यात तूट शून्य दिसेल तो तिथेच फाडा.

मी काही काल धंद्यात आलेलो नाही. सतरा वर्षं कारखाना चालवतोय. जुनं मशीन घेताना गिअरबॉक्स उघडायला लावणारा, तेलात बोट घालून धातूचा चुरा शोधणारा माणूस आहे मी. पण बॅटरीत बोट कुठे घालणार? या कपाटातल्या लिथियम फेरो फॉस्फेट सेलचा व्होल्टेज जवळपास सपाट चालतो. सेल नवा असो की झिजलेला, मल्टिमीटर साधारण 3.3 व्होल्ट दाखवतो. त्या पठ्ठ्याने आठ-दहा सेलना मल्टिमीटर लावून तोच आकडा दाखवला. 'बघा, सगळे सारखे.' मी मान डोलावली. कोणी व्होल्टेज दाखवून क्षमता सिद्ध करायला लागलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता ती रात्र. तिच्याबद्दल लिहायला हात धजत नाही, पण हे सगळं लिहायचं कारणच ती आहे.

कपाट उभं राहिलं, तारा जोडल्या. त्यांचा तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन बसला. पडद्यावर एक रकाना होता, सेलची क्षमता, म्हणजे एका सेलमध्ये किती अँपिअर-तास साठतात ते. त्याने त्यात 280 टाइप केलं आणि एंटर मारलं. माझ्याकडे कामाला असलेला इलेक्ट्रिशियन पोरगा मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "शेठ, हा आकडा तर तो स्वतःच घालतोय."

मी त्याला म्हणालो, "गप रे, सेटिंग असतं ते."

खरंच सेटिंग असतं ते, आणि तिथेच सगळी मेख आहे. बॅटरी सांभाळणाऱ्या त्या कार्डाला सेलमध्ये किती दम आहे हे आपोआप कळत नाही. आपण 280 सांगितलं की ते 280 धरतं आणि बाहेर जाईल तेवढं त्यातून वजा करून टक्के दाखवतं. म्हणजे मी 18 लाख 60 हजार मोजले ते एका टाइप केलेल्या आकड्याचे. बावीस वर्षांच्या पोराला ते दिसलं. मला दिसलं नाही, कारण बाहेरच्या माणसासमोर आपलं अज्ञान उघडं पडू नये याची मला जास्त काळजी होती. मग वीस मिनिटांची 'चाचणी' झाली. कंप्रेसर आणि दिवे चालवले, टक्के 100 वरून 96 वर आले, सगळ्यांनी हात मिळवले. वीस मिनिटांत 4 टक्के! त्याच भारावर चाचणी सबंध रात्र चालवायला हवी होती. तीच माझी संधी होती आणि मी पेढ्यांचा बॉक्स उघडत होतो.

अकराव्या दिवशी वीज गेली. 30 किलोवॅटचा भार बॅटरीवर पडला. तूट आणि राखीव सोडूनही पावणेतीन तास निघायला हवे होते. 93 मिनिटांत सगळं बंद पडलं. पडद्यावर तेव्हा 51 टक्के शिल्लक होते.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, 'कॅलिब्रेशन करावं लागेल, दोन-तीन वेळा पूर्ण भरा आणि रिकामी करा.' तसं केलं. पुन्हा 51. दुसऱ्या वेळी तर भर कामाच्या तासात बंद पडली, सगळा भार एकदम ग्रीडवर गेला आणि त्या महिन्याची कमाल मागणी बॅटरी नव्हती तेव्हापेक्षाही वर गेली. त्यानंतर त्याचा फोन लागायचा बंद झाला.

22,500 देऊन एक जाणकार आणला. एकूण 112 सेल, सोळा-सोळाचे सात मॉड्यूल. ज्याचा व्होल्टेज सगळ्यात आधी खाली पडतो तो सेल त्याने हेरला, ते मॉड्यूल सोडवलं आणि सेल एकेक करून पूर्ण भरून रिकामे केले. सगळ्यात चांगला 201 अँपिअर-तास निघाला, सगळ्यात वाईट 139. लिहिलेले 280. सेल एका माळेत असतात, त्यामुळे सगळ्यात कमजोर सेल दमला की माळच थांबते. 139 ला थांबली, कार्ड म्हणालं अजून निम्मी बाकी आहे. हिशेब तिथे जुळला. वरची निळी फिल्म नवी होती, पण टर्मिनलवर जुन्या वेल्डिंगच्या खुणा पॉलिश पेपरने घासलेल्या होत्या आणि क्यूआर कोड खरवडलेला होता. त्या कोडात उत्पादनाची माहिती असते. कोड वाचता येत नसेल तर सेल नवा नाही असंच समजा.

आता सरकारी दारांची कहाणी. पोलीस ठाण्यात साहेबांनी दोन प्रश्न विचारले. 'कपाट आलं ना? चालतं ना?' दोन्हीचं उत्तर हो. 'मग फसवणूक कसली? दिवाणी दावा लावा.' मी म्हटलं, साहेब, दुधात अर्धं पाणी असलं तरी ते दूधच का? तर म्हणाले, करारात 'नाममात्र क्षमता' असं लिहिलंय, वाचलं नव्हतं का? वाचलं होतं! नवीन सेलच्या कागदावरही छापील क्षमतेला नाममात्रच म्हटलेलं असतं! संपर्क ऑनलाइन जाहिरातीतून झाला म्हणून सायबर विभागाकडे धाडलं. त्यांनी सांगितलं, पैसे तुम्ही बिलावरच्याच खात्यात स्वतः पाठवलेत, हे आमच्यात बसत नाही, पुन्हा ठाण्यात जा. ग्राहक आयोगात अर्ज घेणाऱ्याने वाचून परत दिला. धंद्यासाठी घेतलेली वस्तू, तेव्हा तुम्ही ग्राहक नाही. मग मी कोण आहे, एवढं तरी कोणी सांगाल का? बँकेला कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर पाहिजे, तिथे मी ग्राहकच असतो. विमा कंपनीने तर उलट मलाच झापलं, बॅटरी बसवल्याचं आम्हाला कळवलंच नाहीत म्हणून.

सरळ उत्तर एकाच ठिकाणी मिळालं. विक्रेत्याने दिलेल्या आयईसी 62619 (औद्योगिक लिथियम बॅटरीचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या सुरक्षा प्रमाणपत्रावर ज्या प्रयोगशाळेचं नाव होतं, तिला मी ईमेल केला. दोन दिवसांत कळलं की तो क्रमांक दुसऱ्याच कंपनीच्या दुसऱ्याच मालाचा आहे. एक ईमेल, फुकट. तो मी आगाऊ रक्कम देण्याआधी करायला हवा होता. तुम्ही आजच करा.

आणि हो, शेवटचा हप्ता हातात ठेवा. दहा टक्के नव्हे, तीस. करारात 'आमच्या भारावर, आमच्या मीटरने, पूर्ण भरून पूर्ण रिकामी करताना किमान इतके युनिट' असं लिहून घ्या आणि ती चाचणी संपेपर्यंत जागे राहा. हमीच्या कागदावर '10 वर्षं किंवा 6000 फेऱ्या' (एकदा भरून रिकामी केली की एक फेरी) एवढंच असेल तर विचारा, त्या फेऱ्यांच्या शेवटी क्षमता किती उरणार? माझ्या कागदावर तो आकडाच नव्हता. आणि आपल्या माणसाने मागून काही म्हटलं तर ऐका. तो इलेक्ट्रिशियन पोरगा त्या रात्रीबद्दल अजून एक शब्द बोललेला नाही, आणि तेच जास्त लागतं.

कपाट अजून कोपऱ्यात आहे, बंद करून ठेवलेलं. भंगारवाला हात लावत नाही. परवा खूप मागे लागल्यावर ठाण्यातून फोन आला की अर्ज घेतो, पण मुद्देमाल आणून दाखवावा लागेल. नुसते सेलच सहाशे किलोचे आहेत, असं म्हटलं. पलीकडून थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "बरं, मग एखादा सेल आणा. पण ओरिजिनल आणा."