हिवाळ्यातला नेरॉयफ्योर्ड: तीन फेऱ्यांनंतर

सप्टेंबरात नोकरीसाठी नॉर्वेतल्या बर्गनला आलो, त्यानंतर नेरॉयफ्योर्डची ही सहल तीनदा झाली. फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी. बर्गनहून ट्रेनने व्हॉस, तिथून बसने गुडव्हांगन आणि पुढे बोटीने फ्लोम. नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन, डिसेंबरात पुण्याच्या मित्राबरोबर, फेब्रुवारीत एकटाच. तिन्ही वेळा ऑफ-सीझन. ज्याला त्याला थंडीची काळजी. थंडीचं काय, कपडे चढवले की झालं. खरा प्रश्न उजेडाचा.

डिसेंबरची फेरी सपशेल फुकट गेली. सूर्य पावणेदहाला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. त्यात फ्योर्डच्या दोन्ही बाजूंना हजार मीटरच्या वरचे डोंगर, म्हणजे खाली ऊन उतरतच नाही. आम्ही उशिराची बोट घेतली, ही चूक माझीच. बाक्का गावाचे चार दिवे मागे पडले आणि पुढे नुसता काळोख. उरलेला वेळ काचेत स्वतःचेच चेहरे बघत महागडी कॉफी प्यायलो.

नोव्हेंबर मात्र पावसामुळे वसूल झाला. कड्यांवरून इतके धबधबे कोसळत होते की आईने मोजणं सोडून दिलं. गुडव्हांगनच्या धक्क्यावर बाबांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाटलं. ‘अरे, हे तर गोडंच लागतंय!’ बरोबरच होतं. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, समुद्राचं खारं पाणी खाली राहतं. फेब्रुवारीत याच वरच्या थरावर बर्फाची पातळ साय धरली होती. बोट निघाली तशी ती तडकत गेली, कपबशीवर चमचा वाजावा तसा आवाज. ऐकू आला, कारण ही २०१८ ची बोट पूर्ण बॅटरीवर चालते, इंजिनाची घरघर नाही. डेकभोवती तिरका चढत जाणारा रस्ता आहे. उन्हाळ्यात म्हणे तिथे रेटारेटी होते, पण आम्ही प्रवासी जेमतेम वीस जण होतो. सर्वांत अरुंद जागी फ्योर्ड २५० मीटर रुंद आणि फक्त १२ मीटर खोल. ज्या सोग्नेफ्योर्डचा हा फाटा, तो १३०० मीटर खोल आहे! दोन तास मान वर करून उभा होतो, दुसऱ्या दिवशी ती आखडली.

बसबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. हिवाळ्यात बस स्टालहाइमच्या १३ वळणांच्या घाटातून जात नाही, सरळ बोगद्यातून काढतात. फ्लोमला उतरल्यावर बहुतेक दुकानांना कुलूप, म्हणून डबा न्याच. आईने दिलेले मेथीचे ठेपले तिथल्या बाकावर बसून खाल्ले, बोटं सुन्न झाली तरी. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे, इथे त्यांना ‘ब्रॉडर’ म्हणतात, तेही हवेतच. मी धक्क्यावर एकदा सपाट पडलो, तेव्हा अक्कल आली.

फ्लोमहून मीर्डालला चढणारी रेल्वे वेगळं तिकीट काढण्याइतकी चांगली आहे. २० किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटरच्या वर चढते. फेब्रुवारीत वाटेतला श्योसफॉसेन धबधबा गोठलेला होता, गाडी तिथे थांबलीही नाही. परतीची बर्गनची ट्रेन मात्र अचानक रद्द झाली. ‘बुस्स फोर तोग’, म्हणजे ट्रेनऐवजी बस, एवढंच फलकावर. बस कुठून सुटणार हे सांगायला माणूस नाही. बर्फात पाऊण तास उभे. शेवटच्या ट्रेनवर विसंबून विमानाचं तिकीट काढू नका.

माझे गुण: फेब्रुवारीला ५ पैकी साडेचार, नोव्हेंबरला साडेतीन, डिसेंबरला एक, तोही कॉफी गरम होती म्हणून. हिवाळ्यात बोटी मोजक्याच असतात, तेव्हा आधी दुपारची बोट पक्की करा, मग बाकीचं. ताई मार्चअखेर येतेय. तिला म्हटलंय, विमानाची तारीख नंतर ठरव, आधी मला बारा वाजताच्या आसपासची बोट मिळते का बघू दे.