सणाच्या जेवणासाठी कृतज्ञतेची कार्डे
सुट्टीत सगळे कुटुंब जेवायला एकत्र बसले की प्रत्येकाने एक कार्ड उचलून उत्तर द्यायचे, एवढीच या संचाची रीत आहे. पण प्रश्न नेमके असल्यामुळे उत्तरेही नेमकी येतात. ‘या ताटामागे कोणाचे हात राबले?’ हे कार्ड निघाले, तेव्हा सकाळपासून स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या काकूंचे नाव सर्वांनी घेतले आणि त्या आमच्याबरोबरच जेवायला बसल्या. एमन्स व मॅक्युलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ मधील अभ्यासात कृतज्ञतेच्या नोंदी ठेवणारे लोक त्रासाच्या नोंदी ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले होते. पहिला घास मौनात, चव ओळखत खाण्याची संचातील सूचना उत्तमच. अक्षरे मात्र ज्येष्ठांसाठी बारीक आहेत, आणि दुःखात असलेल्यांना उत्तराची सक्ती करू नये, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहायला हवे होते.