ओशकोशच्या घरभाड्यात गेलेले ३,२९३ डॉलर

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी १,४७० डॉलर, २ मार्चला ५०० डॉलर आणि १८ मे रोजी १,३२३ डॉलर, असे एकूण ३,२९३ डॉलर मी माझ्या हाताने एका भामट्याच्या स्वाधीन केले. त्या बदल्यात २१ ते २८ जुलै असे सात दिवस अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ओशकोश गावात विनेबेगो तलावाच्या काठावरचे तीन खोल्यांचे घर मिळणार होते. ते घर खरोखरच आहे. ज्याने ते मला भाड्याने दिले, त्याचा मात्र त्या घराशी काडीचाही संबंध नव्हता. यातले निम्मे पैसे, म्हणजे १,६४६.५० डॉलर, आमच्याबरोबर येणाऱ्या एका स्नेही दांपत्याचे होते. ते मी नंतर पदरचे घालून परत केले, पण त्यांना ही हकिकत फोनवर सांगताना जी मान खाली गेली, ती अजून वर आलेली नाही.

ओशकोशला गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असते की विमानांच्या वार्षिक मेळाव्याच्या त्या आठवड्यात निवारा मिळवणे हे तिथे विमान उतरवण्याइतकेच अवघड काम आहे. ईएए या हौशी विमानप्रेमींच्या संघटनेचा हा मेळावा १९५३ मध्ये मिलवॉकीत सुरू झाला आणि १९७० पासून ओशकोशच्या विटमन विमानतळावर भरतो. त्या परिसरात आठवडाभरात दहा हजारांहून अधिक विमाने उतरतात आणि २०२४ मध्ये सुमारे ६,८६,००० लोक आले होते. साठ-सत्तर हजार वस्तीच्या गावात एवढी माणसे मावणार कुठे? ॲपल्टन आणि फाँड दु लॅक या आसपासच्या गावांपर्यंतची हॉटेले खूप आधीपासून भरलेली असतात, आणि म्हणून बहुतेक लोक विमानाच्या पंखाखाली किंवा कॅम्प शोलर या मेळाव्याच्या तळावर तंबू ठोकतात. मी स्वतः दोनदा पंखाखाली झोपले आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण या वेळी बाबा येणार होते. ते ७४ वर्षांचे आहेत, त्यांना जमिनीवरून आधाराशिवाय उठता येत नाही आणि रात्री दोनदा तरी उठावे लागते. उभे आयुष्य त्यांनी विमानांच्या इंजिनांवर काम करण्यात घालवले, आणि तरीही हा मेळावा त्यांनी केवळ चित्रांत पाहिला होता. त्यांना नीट पलंग आणि जवळ स्नानगृह मिळावे, एवढ्यासाठी मी घर शोधत होते. हाव म्हणून नव्हे, चैन म्हणूनही नव्हे, हे मला स्पष्ट सांगायचे आहे, कारण ‘स्वस्ताच्या मोहात पडलीस’ हे वाक्य मी आता पुष्कळ वेळा ऐकले आहे. दिवसाला ४२० डॉलर हा भाव त्या आठवड्यासाठी स्वस्त नव्हता. तो अगदी बेतून ठेवलेला होता, आणि त्यामुळेच संशय आला नाही.

खोट्या घरमालकांची तऱ्हा सगळ्यांना माहीत आहे, ती मलाही माहीत होती. परंतु या माणसाने पहिल्याच संभाषणात मला विचारले की मी कोणते विमान घेऊन येणार आहे. सेसना १७२ म्हटल्यावर तो म्हणाला की मग तुम्ही रिपन गावावरून रेल्वेचे रूळ धरून फिस्क गावाकडे याल, १,८०० फुटांवर, ९० नॉट वेगाने. बुधवारी आणि शनिवारी रात्रीचा हवाई खेळ असतो, त्या दिवशी जेवण लवकर उरका, असेही त्याने सुचवले. हे सगळे विमान वाहतूक प्रशासनाच्या सूचनापत्रकात आणि मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत कुणालाही फुकट वाचता येते, हे मला कळत नव्हते असे नाही. पण आपल्या छंदाची भाषा समोरच्याच्या तोंडून ऐकली की मन आपोआप सैल होते. ज्याला तुमच्या छंदाची भाषा येते, त्याच्याशी दुप्पट सावधपणे व्यवहार करा.

क्रेडिट कार्डाने पैसे घ्यायला त्याने नकार दिला. कार्डाची कंपनी तीन टक्के कापून घेते, ते तुम्हालाच सोसावे लागतील, असे कारण त्याने दिले, आणि मी बँकेच्या ॲपमधून थेट पैसे पाठवायला राजी झाले. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव आले, ते करारावरच्या नावाशी जुळत नव्हते. विचारले, तर खाते बहिणीचे आहे म्हणाला. मी ‘पाठवा’ हे बटण दाबले. त्याआधी ॲपने एक पिवळी पट्टी दाखवली होती, की ओळखीच्या माणसालाच पैसे पाठवा. ती पट्टी मी वाचली होती, हे मी लपवणार नाही.

पण जिथे माझे डोळे उघडायलाच हवे होते, तो क्षण याच्याही आधीचा आहे, आणि तो आठवला की आजही रात्री झोप उडते. त्याने बारा छायाचित्रे पाठवली होती. त्यांतले नववे मागच्या व्हरांड्याचे होते. पुढे लाकडी कठडा, कठड्याला लागून दोन पिवळ्या खुर्च्या, त्यांतल्या डावीकडच्या खुर्चीचा हात तुटून तारेने बांधलेला, आणि पलीकडे पाण्यात बुडणारा तांबडा सूर्य. खाली त्याने लिहिले होते की तुमच्या वडिलांना इथे बसून रोज संध्याकाळी विनेबेगो तलावात सूर्य मावळताना पाहता येईल. मी ते चित्र बाबांना पाठवले. त्यांनी ते मोठे छापून घेतले आणि औषधांच्या डब्यावर चिकटवले.

ओशकोश विनेबेगो तलावाच्या पश्चिम काठावर आहे. तलाव गावाच्या पूर्वेला आहे. तिथल्या कुठल्याही व्हरांड्यातून त्या तलावावर सूर्य उगवताना दिसेल, मावळताना कधीही दिसणार नाही. ही गोष्ट मला नकाशात शोधावी लागली असती, तर मी स्वतःला माफ केले असते. परंतु दोन वर्षांपूर्वी मी स्वतः त्याच विमानतळावर पश्चिमेकडे तोंड असलेल्या धावपट्टी २७ वर संध्याकाळी सातच्या सुमारास उतरले होते. तेव्हा तलाव माझ्या पाठीशी होता आणि उतरता सूर्य समोरून असा डोळ्यांवर येत होता की धावपट्टीवरचा, कुठे टेकायचे ते दाखवणारा रंगीत ठिपका शोधायला मला हाताची आड धरावी लागली. छायाचित्रे आली त्या दिवशी तिथला हवाई नकाशासुद्धा माझ्या टेबलावर उघडा पडलेला होता. वैमानिकाने दिशा विसरावी! तीसएक पानांच्या सूचनापत्रकातला प्रत्येक आकडा मी पाठ केला होता, आणि एका छायाचित्रातली पूर्व-पश्चिम मला कळली नाही.

२ मार्चचे ५०० डॉलर परत मिळणाऱ्या डिपॉझिटचे होते. मे महिन्यात त्याने कळवले की उरलेली अर्धी रक्कम आत्ताच भरली तर दहा टक्के सूट देईन, म्हणजे १,४७० ऐवजी १,३२३. तेव्हाही मला वाटले की १४७ डॉलर वाचले. देणे लागण्याआधीच जो पैसे मागतो आणि त्यासाठी सूट देतो, त्याला ठरलेल्या दिवशी तुमच्यासमोर उभे राहायचे नसते, हे माझ्याकडून लिहून घ्या.

जूनच्या शेवटी त्याची उत्तरे येणे थांबले. २ जुलैला मी प्रथमच ते केले, जे फेब्रुवारीत दहा मिनिटांत करता आले असते. अमेरिकेत कोणती मालमत्ता कुणाच्या नावावर आहे, याच्या नोंदी सार्वजनिक असतात आणि बहुतेक ठिकाणी त्या ऑनलाइन पाहता येतात. पत्ता घातला, मालकाचे नाव आले, ते निराळेच होते. खटपट करून त्यांचा फोन मिळवला. एका वयस्कर बाईंनी तो उचलला. त्यांचे घर पूर्वी कधीतरी विक्रीला काढले होते, तेव्हाची छायाचित्रे कुणीतरी उचलली होती. चौकशी करणारी मी तिसरी होते. मी व्हरांड्याचा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या की आमच्याकडे पिवळ्या खुर्च्या नाहीत, आणि उन्हाळ्यात सकाळी साडेपाचलाच तलावाकडून ऊन डोळ्यांवर येते म्हणून आम्ही तिकडे जाड पडदे लावले आहेत. माझ्याशी त्या फार मायेने बोलल्या, आणि त्यामुळेच मला जास्त रडू आले.

यानंतर जे घडले, त्याचा राग मला त्या भामट्यावरच्या रागाइतकाच आहे. बँकेत फोन केला, ४७ मिनिटे संगीत ऐकले, आणि मग एका अधिकाऱ्याने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले असल्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. १९७८ च्या इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायद्याने तुमच्या परवानगीवाचून गेलेल्या पैशांना संरक्षण दिले आहे, आणि फसवून काढून घेतलेली परवानगी ही बँकेच्या लेखी परवानगीच असते. मी म्हटले की निदान ते खाते तरी गोठवा. ते खाते दुसऱ्या बँकेत आहे, त्यांना विचारा. दुसऱ्या बँकेला विचारले, तर तुम्ही आमच्या ग्राहक नाही, आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही. ज्या खात्यात माझे ३,२९३ डॉलर पडले, त्या खात्याबद्दल चकार शब्द ऐकण्याचा अधिकार मला नाही, मात्र त्या खातेदाराचे खासगीपण जपण्याचा अधिकार त्याला आहे! नऊ दिवसांनी माझ्या बँकेचे पत्र आले. त्यात माझा दावा नाकारल्याची एक ओळ होती, आणि त्याखाली तीन परिच्छेद भरून ग्राहकांनी सावध कसे राहावे याचा उपदेश होता.

माझ्या गावच्या पोलिसांनी सांगितले की घर ज्या काउंटीत आहे तिथे तक्रार करा. तिथल्या कचेरीने सांगितले की पैसे जिथून गेले तिथे करा. मी पुन्हा पहिल्या ठिकाणी गेले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी मला विचारले की पत्ता प्रत्यक्ष न पाहता तुम्ही पैसे दिलेत कसे. मी त्यांना सांगितले की जगभरातून आलेले कितीतरी लोक त्या आठवड्यात न पाहिलेल्याच घरांत राहतात. त्यांनी कागदावर क्रमांक लिहून दिला. संघीय तक्रार पोर्टलवर सगळे पुरावे भरले, तिथूनही एक क्रमांक मिळाला. आता माझ्याकडे चार क्रमांक आहेत आणि एकही माणूस नाही. रक्कम लहान आहे, असे एकाने मला समजावले. त्याच घरासाठी तिघे फसले हे मला एका वयस्कर बाईकडून एका फोनवर कळले, आणि तपास करणे ज्यांचे काम आहे, त्यांच्यापैकी कुणालाही तो फोन करावासा वाटला नाही.

ज्या संकेतस्थळावर ती जाहिरात होती, त्यांनी तक्रारीनंतर ती तत्परतेने काढून टाकली, आणि जाहिरातीबरोबर आमचे सगळे संभाषणही माझ्या पडद्यावरून नाहीसे झाले. पुरावा पुसला गेला तो असा. म्हणून तक्रारीचे बटण दाबण्याआधी प्रत्येक संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि वेळ दिसेल असा. माझ्याकडे होते ते केवळ बाबांना पुढे पाठवलेले फोटो. आणि एक धोका याहून नीच आहे. तक्रारी केल्यानंतर आठवडाभरात एका ‘वसुली तज्ज्ञा’चा संदेश आला की ३०० डॉलर आगाऊ द्या, सगळे पैसे परत आणून देतो. फसलेल्याला पुन्हा फसवणारी ही निराळी जात आहे, तिला उत्तरसुद्धा देऊ नका.

खासगी घर घ्यायचेच असेल तर पैसे क्रेडिट कार्डानेच द्या, तीन टक्के जाऊ द्यात. ८८ डॉलर वाचवायला मी ३,२९३ घालवले. कार्डाच्या बिलावर हरकत घेण्याची कायदेशीर मुदत बिल निघाल्यापासून ६० दिवसांची आहे, त्यामुळे हिवाळ्यात भरलेल्या पैशांची पडताळणी उन्हाळ्यावर ढकलू नका. मालकाला व्हिडिओ कॉलवर घरभर फिरायला सांगा, आणि तुम्ही सांगाल त्या खिडकीतून बाहेर दाखवायला सांगा. ज्यांना पलंग हवा आहे, त्यांनी ईएएच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची निवासाची माहिती आधी पाहावी. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ओशकोश आवारातल्या वसतिगृहाच्या खोल्याही त्या आठवड्यात मिळतात, मात्र तिथे थेट विद्यापीठाकडेच बुकिंग करावे.

आम्ही गेलो, पण दोनच दिवसांसाठी आणि मोटारीने. पावणेदोन तासांच्या अंतरावर एक खोली मिळाली. बाबा दुपारी लवकर थकत होते, त्यामुळे बुधवारचा रात्रीचा खेळ त्यांना पाहता आला नाही. तुझे पैसे गेले त्याचे वाईट वाटते, चित्र राहू दे, असे ते मला म्हणाले. औषधांच्या डब्यावरून ते चित्र मीच काढले.

गेल्या आठवड्यात, पुढच्या मेळाव्यासाठी घरे पाहताना, तेच छायाचित्र पुन्हा माझ्यासमोर आले. पत्ता निराळा आहे, भाडे दिवसाला ३९० डॉलर आहे, मालकाचे नाव बदलले आहे. डावीकडच्या पिवळ्या खुर्चीचा हात तारेने बांधलेला आहे आणि विनेबेगो तलावात सूर्य मावळतो आहे. मी सगळ्या पुराव्यांसह तक्रार केली. ही जाहिरात आमच्या नियमांचे उल्लंघन करत नाही, असे उत्तर दोन दिवसांनी आले, आणि मी हे लिहीत असताना ती तिथे तशीच आहे.