वंशावळ इंग्रजीतून दरी भाषेत: भाषांतराचे काम कोणाला द्यावे?

काबूल, हेरात किंवा मझार-ए-शरीफमधल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजीत तयार केलेली वंशावळ आणि प्रश्नावली पाठवायची असेल, तर पर्याय तीन: मशीन, इराणी फारसीचा अनुवादक आणि दरीचा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीचा, अफगाण अनुवादक. त्याआधी घरात दरीच बोलतात ना, हे विचारून घ्या. कंदाहारकडच्या घरांत बहुधा पश्तो असते.

गूगल आणि मायक्रोसॉफ्ट, दोन्हींच्या भाषांतर सेवेत दरी आहे. ‘फोटो मिळाले, आभार’ एवढ्या निरोपाला ती पुरते. वंशावळ मात्र तिच्यावर सोडू नका. दरीत मराठीसारखेच काका वेगळे, मामा वेगळे, आणि शब्दही तेच. इंग्रजीत नुसते ‘अंकल’ असले की मशीन अंदाजाने एक निवडते आणि आजोळचा माणूस वडिलांच्या शाखेत जाऊन बसतो. शिवाय नातेवाइकांपैकी कोणी आधीच्या सरकारात नोकरीला असेल, तर त्यांची नावे आणि पत्ते फुकट ऑनलाइन सेवेत टाकूच नयेत. हा त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

इराणी फारसीचा अनुवादक लवकर सापडतो आणि त्याचे लिखाण काबूलमध्ये समजतेही. पण तो काकांना ‘अमू’ आणि मामांना ‘दाई’ लिहील. महिनेही बदलतात: इराणात वर्ष फरवर्दीनने सुरू होते, अफगाणिस्तानात हमलने. हमल, सौर, जौझा ही राशींचीच नावे आहेत. जुने शिकस्ता वळणातले, म्हणजे घाईच्या जोडअक्षरी फारसी हस्ताक्षरातले, खरेदीखत वाचून घ्यायचे असेल, तर मुरलेला इराणी जाणकार जरूर गाठा. घरच्या पत्रांसाठी नको.

त्यासाठी अफगाणिस्तानात शाळा शिकलेला, दरी मातृभाषा असलेला अनुवादकच घ्यावा, थोडे जास्त पैसे पडले तरी. ऑस्ट्रेलियातली ‘नाटी’ ही प्रमाणन संस्था दरी आणि फारसी वेगळ्या धरते, त्यामुळे तिथला अनुवादक शोधताना नेमकी दरीच निवडा. प्रमाणित शिक्का व्हिसा किंवा कोर्टासाठी लागतो. आत्याला लिहिलेल्या पत्राला नाही. आधी सुमारे 150 शब्दांचा नमुना द्या. त्यात दोन नाती, तीन नावे आणि एक तारीख असू द्या. तो दुसऱ्याच दरी भाषकाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या. पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण विद्यार्थ्यांपैकी कोणी ओळखीचे असेल, तर या पडताळणीला उपयोगी पडेल.

अनुवादक कितीही चांगला असला, तरी नावांचे अक्षर तुम्हीच पुरवायला हवे. ‘नझीर’मधला ‘झ’ दरीत झाल या अक्षराने लिहितात आणि झोय या अक्षरानेही. ती दोन वेगळी नावे आहेत, आणि इंग्रजी स्पेलिंगवरून ते कळत नाही. म्हणून तझकिरा, म्हणजे अफगाण ओळखपत्र, त्याची प्रत मिळवा. प्रत्येकाच्या नावापुढे वडिलांचे आणि आजोबांचे नाव लिहा. आडनावावर विसंबू नका. सख्ख्या भावांचीही आडनावे वेगळी असू शकतात.

इंग्रजी तारखेवरून अफगाण सौर वर्ष काढताना इसवी सनातून 621 वजा करा. जानेवारीपासून साधारण 20 मार्चपर्यंतची तारीख असेल तर 622. म्हणजे मे 1961 हे 1340, पण फेब्रुवारी 1961 हे 1339. परदेशी कागदावर 1 जानेवारी ही जन्मतारीख दिसली, तर ती बहुधा फक्त वर्ष माहीत असल्याने भरलेली असते. दरीत नुसते वर्षच जाऊ द्या.

पत्र घेणाऱ्या आजीला वाचता येत नसेल, तर त्याच अनुवादकाकडून मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करून घ्या, आणि त्याचा दर काम देतानाच ठरवा.