पर्शियन, मेन कून, रॅगडॉल की अँगोरा? लांब केसांचं मांजर निवडताना

लांब केसांचं मांजर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी चेहरा बघतात, मग रंग, मग केस किती लांब ते. रोजची मेहनत मात्र केसांच्या लांबीवर फारशी ठरत नाही, ती ठरते केसांखालच्या लोकरीवर. मांजराच्या अंगावर वर जाडसर, गुळगुळीत केस असतात आणि त्यांच्या मुळाशी मऊ, बारीक, किंचित वळलेली लोकर. गळलेली लोकर जमिनीवर पडली तर झाडू मारला की काम संपलं. पण वरच्या लांब केसांत ती अडकून राहिली की त्यात अंगाचं तेल आणि ओल मुरते, चालता-बसताना घासून ती वळली जाते आणि काही दिवसांत तिथे घोंगडीसारखी घट्ट गाठ तयार होते. कानांमागे, बगलेत, जांघेत, मागच्या मांड्यांवर आणि गळपट्ट्याखाली या गाठी आधी होतात, कारण घर्षण तिथेच जास्त असतं.

हे हाताने पारखता येतं. मांजर बघायला जाल तेव्हा कानामागे बोटं थेट कातडीपर्यंत घाला आणि चिमूटभर केस अंगठा-तर्जनीत हलके चोळा. केस कापसासारखे दबून एकमेकांना चिकटले तर रोज विंचरण्याची तयारी ठेवा. रेशमाच्या लडीसारखे निसटले तर आठवड्यातून दोनदा विंचरून भागेल. ही पारख मोठ्या मांजरावरच करायची. तीन महिन्यांच्या पिल्लाच्या केसांवरून काही कळत नाही, तेव्हा त्याच्या आईला हात लावून बघा. निर्बीजीकरणानंतर काही मांजरांची लोकर आणखी मऊ आणि दाट होते, तेही हिशेबात धरा.

पर्शियन: रोजचं काम, सुट्टी नाही

चौघांत सगळ्यात जास्त हातकाम पर्शियनला लागतं. हिमालयन म्हणून ओळखलं जाणारं मांजर म्हणजे सयामी जातीसारख्या रंगखुणांचं (चेहरा, कान, पंजे, शेपूट गडद) पर्शियनच, त्यामुळे त्यालाही हेच लागू. लोकर भरपूर, तीही कापसासारखी. रोज १० ते १५ मिनिटं द्यावी लागतात. रविवारी एकदाच तासभर बसू, हा हिशेब इथे चालत नाही. सहा दिवसांत वळलेली लोकर सातव्या दिवशी सोडवायला गेलं की कातडी ओढली जाते, मांजराला दुखतं आणि पुढच्या वेळी कंगवा दिसताच ते पलंगाखाली जातं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वरवर ब्रश फिरवणं. स्लिकर ब्रशने, म्हणजे बारीक, वाकड्या तारांच्या ब्रशने, मांजर दोन मिनिटांत चकचकीत दिसतं, आत कातडीलगत गाठी तशाच राहतात. खरं काम मोठ्या, गोल टोकांच्या दातांच्या स्टीलच्या कंगव्याचं. सुरुवात पाठीवरून नको, मांडीच्या खालच्या टोकापासून करा. एका हाताने केस वरच्या दिशेने दाबून धरा, म्हणजे भांग पाडल्यासारखी कातडीची रेघ दिसेल. रेघेखालची बोटभर रुंदीची पट्टी विंचरा, आधी टोकं आणि मग मुळापासून. कंगवा अडकला तर केस मुळाशी चिमटीत धरून ताण आपल्या बोटांवर घ्या. पट्टीतून कंगवा न अडकता गेला की हात जरा वर सरकवा आणि पुढची रेघ पाडा. पोटासाठी मांजराला मांडीवर अर्धवट उताणं घ्या, बगलेसाठी पुढचा पाय हलकेच पुढे ओढा. चार-पाच फटकाऱ्यांनंतर थांबायचं, खाऊ द्यायचा, मग पुढे जायचं. चेहऱ्याभोवती आणि कानांमागे फणी वापरा.

केसांइतकंच काम चेहऱ्याचंही असतं. चपट्या चेहऱ्यात अश्रूंचा निचरा नीट होत नाही, म्हणून डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ येतात आणि चिपडं साचतात. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला फिरवा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. हेही रोज. चेहरा जितका चपटा तितका श्वासाचा आणि उष्णतेचा त्रास जास्त. बघायला गेल्यावर मांजर स्वस्थ बसलेलं असताना घोरल्यासारखा आवाज येत असेल तर ते कौतुकाचं लक्षण नाही.

महिना-दीड महिन्यातून अंघोळ घालावी लागते. आधी पूर्ण विंचरायचं. न सोडवलेली गाठ पाण्याने आणखी आवळते आणि मग ती कंगव्याने निघतच नाही. पाणी मांजराच्या अंगाइतकं कोमट, म्हणजे साधारण ३८ अंश सेल्सिअस, शांपू मांजरांचाच. फेस गेला असं वाटल्यावर आणखी एकदा धुवा, कारण राहिलेला शांपू केस चिकट करतो. टॉवेलने चोळू नका, दाबून पाणी टिपा. मग मंद गरम हवेचा ड्रायर चालू ठेवून विंचरत कातडीपर्यंत वाळवा. वरून कोरडी आणि आतून दमट राहिलेली लोकर दुसऱ्याच दिवशी वळायला लागते. निर्बीजीकरण न झालेल्या बोक्याच्या शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला तेलकट, पिवळट थर येतो, तो भाग जरा जास्त वेळ धुवावा लागतो.

आरोग्याबाबत दोन गोष्टी विचारायच्याच. पहिली मूत्रपिंडातल्या गाठींची. हा आनुवंशिक आजार पर्शियनमध्ये बराच आढळतो आणि आई-बापांपैकी एकाकडून दोषी जनुक आलं तरी पुरतं. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर त्याची जनुकीय चाचणी होते, तेव्हा आई-बाप दोघांचे अहवाल मागा. दुसरी गजकर्णाची. पर्शियनच्या दाट लोकरीत ही बुरशी वरून काहीही न दिसता राहू शकते आणि माणसांनाही लागते. घरात दुसरं मांजर असेल तर नव्याला आधी वेगळ्या खोलीत ठेवून पशुवैद्याकडून तपासून घ्या.

एवढं सगळं करायला तयार असाल तर स्वभावाने याच्याइतकं संथ मांजर विरळा. पडद्यावर चढणं वगैरे भानगडी फार नाहीत.

मेन कून: केस सोपे, आकार अवघड

अमेरिकेतल्या मेन राज्याची ही जात. १९८५ साली तिला त्या राज्याचं अधिकृत मांजर म्हणून मान मिळाला. थंडी-बर्फात टिकायला घडलेला हिचा कोट सगळीकडे सारखा नसतो. खांद्यांवर आखूड, पोटावर आणि मांड्यांवर लांब, गळ्याशी आयाळ. वरचे केस तेलकटसर आणि जड असल्यामुळे लोकर पर्शियनपेक्षा कमी वळते. आठवड्यातून दोन-तीनदा २० मिनिटं पुरतात. पाठ जवळपास स्वतःची काळजी स्वतः घेते, वेळ मांड्या, पोट आणि बगलांना द्या.

इथे अडचण वेगळीच आहे. बोका सहज ६ ते ८ किलोचा होतो, भाटी त्याहून लहान, आणि पूर्ण वाढ व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात. म्हणजे पिल्लू असताना घेतलेलं सगळं सामान लहान पडतं. लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूसाठी दाणेदार लिटर भरून ठेवलेली पेटी, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा. मांजरांसाठी म्हणून मिळणारे बरेच बॉक्स याला पुरत नाहीत, तेव्हा उंच कडांचा साठवणीचा प्लास्टिकचा डबा एका बाजूने कापून वापरणं जास्त शहाणपणाचं. नख खाजवायचा खांब जड बुडाचा आणि मांजर पूर्ण ताणून उभं राहील एवढा उंच हवा. डगमगणाऱ्या खांबाला ते एकदाच हात लावतं, नंतर सोफा धरतं.

विंचरताना धरणं हेही एकट्याचं काम राहत नाही. आठ किलोच्या बोक्याने उठून जायचं ठरवलं की तो उठून जातो. म्हणून पिल्लू घरी आलं की पहिल्याच आठवड्यापासून रोज दोन मिनिटं कंगवा फिरवा, गुंता असो वा नसो.

या जातीत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. त्याच्याशी संबंधित एका जनुकदोषाची चाचणी होते, पण ती निर्दोष आली म्हणजे हृदय कायमचं सुरक्षित असं नाही. आई-बापांची हृदयाची सोनोग्राफी वेळोवेळी झाली आहे का, तेही विचारा. खुब्याच्या सांध्याचा दोषही या मोठ्या मांजरांत दिसतो.

रॅगडॉल: मधला मार्ग, एका पथ्यासह

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालेली ही जात. 'हिला लोकर नसतेच' असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. लोकर असते, पण कमी, आणि वरचा केस रेशमी. आठवड्यातून दोनदा १०-१५ मिनिटं पुरतात. गाठी होतातच, पण ठरावीक जागी: बगला, आयाळीखाली, मांड्या. उचललं की अंग सैल सोडायची सवय बऱ्याच रॅगडॉलना असते, त्यामुळे विंचरणं सोपं जातं. गंमत अशी की फारशी तक्रार करत नाहीत म्हणून मालकही ढिलाई करतो आणि बगलेतली गाठ सुपारीएवढी झाल्यावर लक्षात येते.

पथ्य असं, की हिचे केस मशीनने उडवू नका. सयामीप्रमाणेच हिचा रंग तापमानावर ठरतो. अंगाचा गार भाग गडद, उबदार भाग फिका. पाठ भादरली की तिथली कातडी गार राहते आणि नवे केस गडद उगवतात. तो डाग पुढे केस गळून नवे येईपर्यंत मिरवावा लागतो. आकार मेन कूनच्या जवळपास, म्हणून लिटर बॉक्सचं वर सांगितलेलं इथेही लागू. हृदयाच्या आजाराचंही तसंच, फक्त जनुकदोष वेगळा असल्याने चाचणी रॅगडॉलसाठीची वेगळी मागायची.

टर्किश अँगोरा: कंगव्याला आराम, तुम्हाला नाही

लोकर जवळजवळ नाही, केस बारीक आणि रेशमी. आठवड्यातून एक-दोनदा कंगवा फिरवला की झालं. वाचलेला वेळ मात्र खेळात जातो. ही चपळ, उंचावर चढणारी जात आहे, घरात तिला कोणी गुंतवून ठेवलं नाही तर ती स्वतःच उद्योग शोधते. पांढऱ्या रंगाचं आणि निळ्या डोळ्यांचं पिल्लू घेत असाल तर त्याला ऐकू येतं का ते तपासा, या रंगमेळात बहिरेपणाचं प्रमाण जास्त असतं. पाठीमागे, त्याला हवेचा झोत जाणवणार नाही इतक्या अंतरावरून, टाळी वाजवली तर प्राथमिक अंदाज येतो.

चौघांनाही लागू

केस गळणं दिवसाच्या लांबीवर चालतं, वसंतात आणि शरदात जास्त. दिव्यांच्या उजेडात घरातच राहणारं मांजर मात्र वर्षभर थोडं थोडं गाळत राहतं. कंगव्यात न आलेले केस जिभेवरच्या मागे वळलेल्या काट्यांमुळे पोटात जातात. अधूनमधून केसांची गुंडाळी ओकली तर घाबरू नका. पण वारंवार उमासे येऊन काहीच बाहेर पडत नसेल आणि जेवण सुटलं असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, आतड्यात अडथळा असू शकतो.

बारीक वाळूसारखं लिटर पंज्यांच्या बोटांमधल्या केसांत अडकून घरभर फिरतं, मोठ्या दाण्यांचं कमी फिरतं. शेपटीखालचे केस गोल टोकाच्या ट्रिमरने आखूड ठेवले तर पातळ शी झाल्यावर अख्खी मांडी धुवावी लागत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त टोकं कापा. आत गुलाबी दिसते ती जिव्हाळी, ती लागली की रक्त येतं आणि पुढचे सहा महिने पंजा हातात मिळत नाही. आणखी एक, लिलीची फुलं घरात नकोतच. परागकण लांब केसांवर बसतात, मांजर ते चाटतं, आणि तेवढ्यानेही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

गाठ झालीच तर कात्री उचलू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठ ओढली की ती तंबूसारखी वर येते आणि केसांबरोबर कापली जाते. लहान गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी उभी-आडवी फाडून मोकळी करा, मग टोकाकडून विंचरा. कातडीला चिकटलेली पत्र्यासारखी गाठ ट्रिमरनेच, तीही सवयीच्या हातून काढलेली बरी. पूर्ण अंग भादरणं हा शेवटचा उपाय आहे. म्हाताऱ्या किंवा लठ्ठ मांजराला कंबरेपर्यंत तोंड पोचत नाही, तिथे तो योग्यही ठरतो. 'उकाडा आहे म्हणून' तो करायची गरज बहुतेकदा नसते, नीट विंचरलेल्या केसांतून हवा खेळते आणि उघड्या कातडीला ऊन लागतं.

मग कोणतं?

पहिलंच मांजर असेल आणि दिवसभर घराबाहेर असाल तर आमचं मत रॅगडॉलकडे झुकतं. घरात जागा, दोन माणसं आणि कुत्र्यासारखं मागे मागे फिरणारं मांजर हवं असेल तर मेन कून. अँगोरा खेळायला वेळ असणाऱ्यांसाठी. पर्शियन फक्त त्यांनी घ्यावं ज्यांचे रोजचे १५ मिनिटं खरोखर मोकळे आहेत, आणि घेताना नाक जरा वर आलेलं, मोकळा श्वास घेणारं मांजर निवडावं.

जातीचा आग्रह नसेल तर पाचवा पर्याय आम्हाला यांच्याइतकाच पटतो: मिश्र जातीचं, लांब केसांचं, वाढ पूर्ण झालेलं दत्तक मांजर. लांब केसांचं जनुक अप्रभावी असल्याने आखूड केसांच्या आई-बापांनाही अशी पिल्लं होतात, त्यामुळे ती दुर्मीळ नाहीत. शिवाय लोकर कशी, स्वभाव कसा, हे मोठ्या मांजरात आधीच दिसतं. जात कोणतीही असो, बघायला जाताना स्टीलचा कंगवा खिशात ठेवा आणि सध्याच्या मालकाला समोर मांजराचं पोट आणि बगला विंचरून दाखवायला सांगा. मांजर पंजा मारून निसटलं किंवा कंगवा दोन फटकाऱ्यांत अडकला, तर ते शिकवण्याचं आणि सोडवण्याचं काम तुमच्या वाट्याला येणार आहे.