एनएफएल खेळाडूंची सल्लागार यादी: माणूस तपासते, पैशाची वाट नाही

एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगमधल्या खेळाडूंची संघटना एनएफएलपीए 2002 पासून आर्थिक सल्लागारांची नोंदणी ठेवते. सल्लागाराने अर्ज भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होऊ द्यायची, शिक्षण आणि अनुभवाच्या अटी पुऱ्या करायच्या, मग नाव यादीत येतं. बाविशीच्या मुलाच्या हाती एकदम लाखो डॉलर येतात आणि कारकीर्द सरासरी साडेतीन वर्षंही टिकत नाही. अशा ठिकाणी ही सेवा हवीच. पण तिच्यावर किती विसंबायचं, हे तिचा इतिहास पाहून ठरवावं.

अटलांटाचा कर्क राइट या यादीत होता. स्टीव्ह ॲटवॉटरसारख्या नावाजलेल्या खेळाडूंनी त्याच्या हेज फंडात, म्हणजे श्रीमंतांसाठीच्या खासगी गुंतवणूक फंडात, पैसे घातले. नफा दाखवणारे उतारे येत राहिले, ते खोटे होते. 2006 मध्ये फंड कोसळला. खेळाडूंनी संघटनेवर दावा लावला आणि 2010 मध्ये अपिलातही हरले. संघटना आणि लीग यांच्यातल्या सामूहिक करारात स्पष्ट लिहिलेलं होतं की आपल्या पैशांची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूची; दावा या करारापासून वेगळा काढता येत नाही, असं न्यायालयाने धरलं. यादी वापरणाऱ्याने हे एक वाक्य आधी वाचावं.

जेफ रुबिनही नोंदणीकृतच होता. त्याने 31 ग्राहकांचे सुमारे 4 कोटी डॉलर अलाबामातल्या एका कसिनो प्रकल्पात गुंतवायला लावले. त्या बदल्यात प्रवर्तकाकडून त्याला 4 टक्के मालकी आणि 5 लाख डॉलर मिळाले होते. प्रकल्प बुडाला आणि 2013 मध्ये फिनरा या नियामक संस्थेने त्याच्यावर कायमची बंदी घातली. सल्लागार विक्रेत्याचाही माणूस असेल, तर त्याची पदवी आणि अनुभव खेळाडूच्या काहीच कामाचे नाहीत.

गाड्या आणि बंगल्यांमुळे खेळाडू बुडतात, हे निदान मला अपुरं वाटतं. 1996 ते 2003 या काळात संघांनी नव्याने निवडलेल्या एनएफएल खेळाडूंवरचा 2015 चा अभ्यास सांगतो की निवृत्तीनंतर 12 वर्षांत जवळपास 16 टक्के जणांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि जास्त कमाई किंवा लांब कारकीर्द यांनी ते प्रमाण कमी झालं नाही. एनबीए या बास्केटबॉल लीगचा अँटवान वॉकर 10 कोटी डॉलरहून अधिक कमावून 2010 मध्ये दिवाळखोर ठरला. उधळपट्टी होतीच, पण शिकागोतल्या मालमत्तांच्या कर्जांना तो स्वतः जामीन राहिला होता. घरांचा बाजार पडला तेव्हा कर्ज त्याच्या अंगावर आलं.

म्हणून यादीत नाव सापडल्यावर खरं काम सुरू होतं. फिनराच्या ब्रोकरचेकवर सल्लागाराच्या जुन्या तक्रारी फुकट दिसतात. शेअर बाजार नियामकाकडे त्याने भरलेला एडीव्ही फॉर्म मागवून फी आणि हितसंबंधांचा भाग वाचावा. पैसे त्याच्या कंपनीच्या खात्यात जाऊ नयेत. ते खेळाडूच्या नावाने स्वतंत्र कस्टोडियनकडे, म्हणजे पैसे सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे, असावेत आणि उतारा तिथून थेट यावा. राइटसारखी फसवणूक इथेच अडते. सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र देऊ नये. बिलं भरायला मर्यादित अधिकार पुरतो, आणि ठरावीक रकमेच्या वर खेळाडूची स्वतःची सही लागावी. वैयक्तिक जामीन कोणालाच नाही, भावाच्या हॉटेलालाही नाही.

खर्चाचा हिशेब करारातल्या आकड्यावर मांडू नये. वरच्या टप्प्यात केंद्राचा आयकर 37 टक्के, ज्या राज्यांत सामने होतात त्यांतल्या बहुतेकांचा कर वेगळा, एजंटचे 3 टक्क्यांपर्यंत. 10 लाखांतले साधारण निम्मेच हाती पडतात, आणि पुढच्या वर्षांचा पगार बऱ्याचदा हमीचा नसतो: संघाने काढून टाकलं की तो थांबतो.

पहिली चाळणी म्हणून या सेवेला पाचपैकी तीन. गुंतवणुकीवर पहारा म्हणून शून्य. ते काम तिने अंगावर घेतलेलंच नाही.